सत्तेचाळीस नंबरचा खिळा

आमच्या घरात दिवे लागले की चपला मोजतात. मोठी मावशी दाराशी येते, रॅककडे बघते, ओठ हलवते आणि मगच कडी लावते. बाबांचे बूट, आईच्या सँडल, माझे शाळेचे काळे आणि खेळायचे निळे, तिची स्वतःची रबरी तळाची चप्पल. एक जरी जोड कमी असला तरी कडी लागत नाही. बाबांना कामावर उशीर झाला की आमचं दार सताड उघडं आणि डासांची चंगळ.

"ताई, आता रिटायर झालात ना तुम्ही," बाबा म्हणतात.

"मी झाले. माझी मोजणी नाही झाली," मावशी म्हणते.

मोठी मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आई सहा वर्षांची असताना आजी-आजोबा दोघंही वर्षभराच्या अंतरानं गेले. मावशी तेव्हा वीस वर्षांची. तिनंच आईला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. मग आईनं हट्टानं तिला आपल्याकडे आणून ठेवलं. सदतीस वर्षं ती म्युझियमच्या दारावर बसली, आणि सुरुवातीची काही वर्षं तिथं कागदी तिकिटं नव्हती. बिल्ले होते. पितळी. ते कसे चालायचे हे जरा नीट सांगते. कंटाळा आला तर सांगा, पण मी थांबेन असं नाही.

मोठ्या माणसांना गोल बिल्ला, विद्यार्थ्यांना अष्टकोनी, सभासदांना हाडाचा लंबगोल. प्रत्येकावर नंबर कोरलेला, वर भोक. आत येताना खिडकीतून बिल्ला घ्यायचा, फिरून झालं की बाहेर जायच्या दारावरच्या माणसाला परत द्यायचा, तो मावशीकडे आणून द्यायचा. मावशीच्या पाठीमागे लाकडी फळ्या, त्यांवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्याखाली नंबर. खिळा रिकामा म्हणजे एक माणूस आत. खिळा भरलेला म्हणजे माणूस घरी. पाच वाजता पहारेकरी विचारायचा, "फळी भरली का?" भरली की घंटा, मग कुलूप. नाही भरली, तर दोघांनी मिळून सगळी दालनं फिरायची, प्रत्येक दालनात तीन हाका मारायच्या, कपाटांच्या मागं बघायचं. कोणी सापडलं नाही म्हणजे बिल्ला गर्दीत नजर चुकवून कुणाच्या तरी खिशातून गेला. मग ड्रॉवरमधला कोरा बिल्ला, बिननंबरी, त्या खिळ्याला अडकवायचा आणि घरी जायचं. आधी फेरी, मग कोरा. हा क्रम लक्षात ठेवा.

"कागदाला कुठलाही माणूस चालतो," मावशी म्हणते. "एकानं आणला, दुसऱ्यानं वापरला, तिसऱ्यानं त्यात शेंगदाणे बांधले. पितळ खोटं बोलत नाही."

मी नववीत आहे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला 'हजर' म्हणायचे तेही शेजारणीच्या खांद्याआडून. मग शाळेत छंदांचं प्रदर्शन भरलं. माझ्याकडे बिल्ल्यांचा खण होता, म्हणून बाईंनी मला उभं केलं. दहा मिनिटं बोलायचं होतं, मी पस्तीस मिनिटं बोलले. कुठल्या म्युझियमच्या बिल्ल्यावर घुबड असतं, कुठल्या बिल्ल्याचं भोक कोटाच्या बटणात अडकवण्याएवढं मोठं, जस्ताचा का हलका आणि तांब्याचा का लाल, आणि माझ्याकडच्या एकावर दाताची खूण आहे ती बहुधा सोनं आहे का बघायला कुणीतरी चावल्याची. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान लांब करून बघत होती. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला कुलूप नाही. मावशी मला टकळी म्हणते.

पहिला बिल्ला मावशीनंच दिला होता. गोल, नंबर बारा. बिल्ले बंद झाले तेव्हा म्युझियमनं गोल फळीचे सगळे भंगारात काढले, त्यातला हा तिनं ठेवून घेतला होता. देताना एकच अट घातली.

"घासायचा नाही. कधीच नाही. लिंबू नाही, राख नाही, काही नाही. त्याच्यावर जे काळं चढलंय ना, तेच त्याचं बोलणं. घासलास की मुका झाला."

बिल्ले जमवणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. चौतीस बिल्ले होईपर्यंत मी हे पाळलं.

सोमवारी मावशीच्या नावानं पत्र आलं. म्युझियम नव्या इमारतीत हलतंय. जुनी इमारत येत्या रविवारी पाच वाजता कायमची बंद होणार, दारं विटांनी बुजवणार. जुन्या कर्मचाऱ्यांनी शेवटच्या दिवशी अवश्य यावं. मावशीनं पत्र वाचलं, घडी घातली आणि त्या संध्याकाळी चपला तीनदा मोजल्या. सगळे घरात होते, तरी.

"काय झालं?" मी विचारलं.

आई आणि बाबा टीव्हीसमोर होते. मावशीनं मला गॅलरीत ओढलं आणि वाळलेल्या कपड्यांच्या आडोशाला उभं केलं.

"अष्टकोनी फळी बघितली आहेस ना तू?"

बघितली होती. सगळ्या फळ्यांमधली तेवढी एकच त्यांनी शोभेसाठी दारावर ठेवली आहे, शंभर बिल्ल्यांसकट.

"सत्तेचाळीसवर कोरा आहे," मी म्हणाले. मला हे माहीत होतं याचा मला अभिमानच वाटला.

"तो मी फेरी न मारता लावलाय."

मी गप्प. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

"तुझी आई आठ वर्षांची होती. शाळा पावणेपाचला सुटायची, मी पाचला. तेवढा वेळ शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. त्या आठवड्यात दोनदा फळी भरली नव्हती, दोनदा फेरी मारावी लागली, दोनदा मी सहाला पोचले. दुसऱ्यांदा गेले तर ती रडतसुद्धा नव्हती. नुसती रस्त्याकडे बघत होती. मला म्हणाली, ताई, मला वाटलं तू पण गेलीस." मावशीनं दोरीवरचा एक चिमटा काढला आणि पुन्हा तिथंच लावला. "तिसऱ्या दिवशी बुधवार. बुधवारी विद्यार्थ्यांना फुकट, झुंबड. पाच वाजले आणि सत्तेचाळीस रिकामा. पहारेकरी म्हणाला, फळी भरली का. मी कोरा अडकवला आणि म्हणाले, भरली."

"पण कुणीतरी खिशात घालून नेला असेल. शंभरात नव्वद वेळा तसंच असतं. तूच सांगतेस."

"असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेंढा भरलेल्या अस्वलाच्या दालनात गेले. काचेवर दोन हात उमटले होते. एवढेसे." तिनं कमरेच्या खाली हात नेला. "या उंचीवर. आदल्या दिवशी चार वाजता त्या काचा पुसल्या होत्या. मीच पुसून घेतल्या होत्या."

"मग?"

"मग काय. पदरानं पुसले. वर्षभर पेपरात हरवलेल्या मुलांची छायाचित्रं बघितली. कुणी विचारायला आलं नाही. मला चेहराही आठवत नाही, टकळे. खिडकी उंच, आणि मूल लहान. नुसता बांगडी घातलेला हात वर आला होता. बोटांना निळी शाई." कपड्यांच्या पलीकडे टीव्हीत कुणीतरी हसलं. "त्यानंतर रोज पाचला, सगळे गेल्यावर, मला आत पावलं ऐकू यायची. पस्तीस वर्षं. मी फेरी मारायची. कुणी नसायचं. आणि आता म्हणे दार बुजवणार."

"आईला माहीत आहे?"

"तिला काय सांगू, तुला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून मी दुसऱ्या कुणालातरी ठेवलं? खबरदार बोललीस तर."

त्या रात्री मी अंथरुणात पडून काय करता येईल याचा विचार केला. मला वाटलं, आता मी बोलू शकते, म्हणजे काहीही करू शकते.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी जुनाटकाकांच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे जुन्या वस्तूंची एवढी गर्दी आहे की गिऱ्हाइकाला आत जायला आडवं व्हावं लागतं.

"या, संग्राहकबाई. काय हवं? घुबड की गाढव?"

"म्युझियमचं काही आलंय का? सामान हलवतायत ना."

"नाकाला बरा वास लागतो तुमच्या. तो ट्रे बघा. सुतारानं आणून टाकलाय. बिजागऱ्या, कड्या, काचपेट्यांच्या किल्ल्या. एक तुमच्या जातीचंपण आहे त्यात."

किल्ल्यांच्या खाली तो होता. अष्टकोनी. काळाकुट्ट, पण नंबर बोटाला लागला. चार, सात.

"हा कुठं सापडला?"

"अस्वलाखाली. परवा हलवलं ना त्याला, सहा माणसं लागली. चौथरा आणि भिंत यांच्यामध्ये एवढी फट आहे म्हणे. मोठं माणूस शिरणार नाही तिथं. त्या फटीत होता, अगदी आत. सुतार म्हणाला, बसायला जागा केल्यासारखी धूळ बाजूला सारलेली होती." काका चष्मा पुसत होते. "उंदीर असतील."

मी बिल्ला मुठीत धरून घरी निघाले. वाटेत तीन वेळा थांबले. बिल्ला घरी गेलेला असता, कुणाच्या बटणांच्या डब्यात, कुणाच्या खणात, तर मावशी सुटली असती. पण तो बाहेर पडलाच नव्हता. आणि बिल्ल्याशिवाय बाहेरच्या दारावर सोडत नसत. हे तिला जाऊन सांगायचं? कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत मी ठरवून टाकलं. पस्तीस मिनिटं बोलणाऱ्या मुलीला एवढं जमायलाच हवं.

"मावशी, बघ काय आणलंय. एका बाईंनी विकला. शाळेत असताना चुकून खिशातून घरी गेला म्हणे, तेव्हापासून बटणांच्या डब्यात पडून होता."

मावशीनं बिल्ला हातात घेतला नाही. आधी माझ्याकडे बघितलं.

"बाई कशा होत्या?"

"काका म्हणाले जाड आहेत. हसऱ्या. दोन मुलं बरोबर होती, दोन्ही दंगेखोर."

"हसऱ्या?"

"खूप."

ती खुर्चीवर बसली. मग बिल्ला घेतला, नंबरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "जाड आहे ना. बरं झालं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे." आणि हसली. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं, गालावर नवीनच खळी पडली.

त्या संध्याकाळी तिनं चपला न मोजता कडी लावली. बाबा अर्धा तास दार वाजवत होते. आम्ही सगळे आतल्या खोलीत पत्ते खेळत होतो.

"माझ्याच घरात मला थारा नाही," बाबा आत येत म्हणाले.

"मोजणी झाली माझी," मावशी म्हणाली. तिनं बिल्ला माझ्याकडे दिला. "ठेव तुझ्या खणात. मी काही रविवारी जात नाही आता. काय बघायचंय, रिकाम्या भिंती?"

माझा खण म्हणजे टेबलाचा वरचा ड्रॉवर. आत काळं मखमली कापड, वर काच बसवलेली. सत्तेचाळीस मी मधोमध ठेवला.

गुरुवारी शाळेतून आले तेव्हा पाच वाजत होते. घरात कुणी नव्हतं. आई कामावर, आणि मावशी चक्क जुन्या मैत्रिणीकडे गेलेली. मी ड्रॉवर उघडला, काच सरकवली, बिल्ला उचलला. तो गरम होता. उन्हानं तापल्यासारखा नाही, आमच्या खोलीत ऊन येतच नाही. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून आत्ताच ठेवल्यासारखा. पितळ मुठीत धरलं की एक वास येतो, घामाचा आणि धातूचा. तो येत होता. बाकीचे चौतीस थंडगार.

मी स्वतःला म्हटलं, तुझा हात गरम आहे. हात दप्तराच्या पट्ट्यामुळे गरम होतो. मी बरीच कारणं दिली. आता मला बोलता येतं ना.

शुक्रवारी पाचला काचेवर वाफ धरलेली होती, वाटीच्या तोंडाएवढा गोल आणि मध्ये नाक टेकल्यासारखा ठिपका. मी बाहीनं पुसला. पुसला गेला नाही. तो आतून होता.

मी ड्रॉवर बंद केला आणि आई येईपर्यंत जिन्यात बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, किल्ली विसरलीस का. मी हो म्हणाले. आठवड्यात दुसरं खोटं, आणि पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

शनिवारी अर्धी शाळा. मावशी स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि मला तिच्या गुणगुणण्याचीच भीती वाटायला लागली होती, कारण ते माझ्या थापेवर उभं होतं. बिल्ला ड्रॉवरमध्ये उलटा झालेला होता. मी सुलटा केला. जेवून आले तर पुन्हा उलटा. मला वाटलं, हे सगळं त्या काळ्यामुळे आहे. तो वास, ती ऊब, सगळं त्या पस्तीस वर्षांच्या मळात अडकलंय. घासून टाकलं की संपलं. मी अर्धं लिंबू घेतलं, मीठ घेतलं, न्हाणीघराचं दार लावलं आणि बिल्ले जमवणाऱ्यानं जे कधीच करू नये ते केलं. घास घास घासलं. पुढची बाजू सोन्यासारखी निघाली. मग मागची.

मागची बाजू कोरी असते. ही कोरी नव्हती. काळं निघून गेल्यावर पितळेत बारीक उभ्या रेघा दिसायला लागल्या. टाचणीनं किंवा कंपासच्या टोकानं ओढलेल्या, एकाशेजारी एक. पहिल्या सरळ, शेवटच्या वाकड्यातिकड्या. मी मोजल्या. अकरा.

मावशी म्हणाली होती, घासलास की मुका होतो. हा तर घासल्यावर बोलायला लागला. आणि मला काय म्हणतोय ते कळेना, एवढंच कळलं की ते हसऱ्या जाड बाईचं बोलणं नव्हे.

रविवारी जेवणं झाली. आई-बाबा आडवे झाले. मावशी ओट्यापाशी भांडी पुसत होती. तीन वाजायला आले होते. मी दोनदा आत गेले, दोनदा पाणी पिऊन परत आले.

"एवढी तहान कसली लागलीय?" मावशीनं न बघता विचारलं.

"मावशी, ती बाई नाहीच."

"कोण बाई?"

"जाड. हसरी. मीच केली ती. बिल्ला अस्वलाखाली सापडलाय, फटीत. सुताराला. आणि मी तो घासला."

सगळं एका दमात बाहेर पडलं. मग मी चमकणारा बिल्ला ओट्यावर ठेवला, रेघांची बाजू वर करून. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडकं खांद्यावर टाकलं, हात कोरडे केले आणि बिल्ला खिडकीच्या उजेडात धरला. तिचे ओठ हलले, चपला मोजताना हलतात तसे.

"अकरा," मी म्हणाले. "काय आहे ते?"

"घड्याळ," मावशी म्हणाली. "त्या दालनात दुसरं काही ऐकूच येत नाही. जिन्याच्या वर मोठं घड्याळ आहे, तासाला ठोके देतं. पाचला तर मीच होते तिथं. मग सहा." तिनं बोट दुमडलं. "सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. एक, दोन, तीन, चार." बोटं संपली होती, ती पुन्हा पहिल्यावर आली होती. "पहाटे चारपर्यंत जागी होती."

"मग झोपली असेल."

"झोपलीच असेल."

"आणि सकाळी दार उघडल्यावर गेली असेल. होऊ शकतं ना?"

मावशीनं विचार केला. खरा विचार, मला बरं वाटावं म्हणून नव्हे. "दहाला उघडायचं. बाहेरच्या दारावरचा माणूस पहिली दहा-पंधरा मिनिटं जागेवर नसायचा, तोवर कोण बाहेर पडणार म्हणून. हो. तेव्हा एखादं पोर गुपचूप गेलं तर कळलं नसतं. घरी बोलणी बसतील म्हणून कुणाला सांगितलंही नसेल."

"म्हणजे ती गेलीय."

"गेली असेल, टकळे. पण अकरा तास वाट बघितलीय ना तिनं. ती वाट बघणारी नाही गेली. ती मी ऐकलीय."

ती आत गेली. आली तेव्हा अंगावर कामावरचा निळा कोट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिनं बिल्ला कोटाच्या खिशात टाकला आणि मला म्हणाली, "पायात घाल. साडेचारच्या आत पोचायचंय."

"तू रागावली नाहीस?"

"रागावले आहे. नंतर बोलू. आत्ता वेळ नाही."

म्युझियमच्या दारावर गणवेशातले एक काका स्टुलावर बसले होते. आता सगळी ये-जा एकाच दारानं होते आणि बिल्ले नाहीत, म्हणून त्यांच्या दोन्ही हातांत मोजायची दोन छोटी यंत्रं. डाव्या हातातलं आत येणाऱ्यांसाठी, उजव्यातलं बाहेर जाणाऱ्यांसाठी. माणूस दिसला की अंगठा दाबायचा. आम्ही शिरलो तसं डाव्या हातात दोनदा टिक वाजलं.

"ताई, तुम्ही? आणि ड्रेसवर?"

"शेवटची फेरी मी मारते," मावशी म्हणाली. "चालेल?"

"मला काय, माझे पाय वाचले."

आत बघण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. फुलपाखरांचे खण रिकामे, तळाला नुसत्या टाचण्या. थोडे लोक फोटो काढत होते, ते पावणेपाचला निघून गेले. मावशी एकेका दालनाच्या मधोमध उभी राहायची, हात मागं बांधायची आणि हाक मारायची. "कोणी आहे का? बंद व्हायची वेळ झाली." तीन वेळा. मग कान देऊन ऐकायची. मग पुढचं दालन. मी मागून चालत होते. मला कधी नव्हे ते बोलावंसं वाटत नव्हतं.

अस्वलाच्या दालनात अस्वल नव्हतं. चौथरा भिंतीपासून ओढून ठेवलेला, आणि मागं फरशीवर एक स्वच्छ जागा. कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसावं एवढीच.

"कोणी आहे का? बंद व्हायची वेळ झाली."

जिन्यावरचं घड्याळ टकटक करत होतं.

"कोणी आहे का? बंद व्हायची वेळ झाली."

तिसरी हाक मावशीनं मारली नाही. ती उकिडवी बसली. तिचे गुडघे दुखतात, एरवी ती कधी बसत नाही अशी. त्या स्वच्छ जागेकडे बघत, आईला लहानपणी हाक मारायची असेल तशा आवाजात म्हणाली, "उशीर झाला गं मला. चल."

काही झालं नाही. कसला आवाज नाही, वारा नाही. फक्त ती उठली तेव्हा डाव्या हातानं चौथऱ्याचा आधार घेतला. उजवा हात खालीच राहिला, शरीरापासून जरा लांब, बोटं अर्धी मिटलेली. तो तसाच ठेवून ती जिना उतरली, एकेक पायरी, सावकाश.

दाराशी अष्टकोनी फळी होती. मावशीनं डाव्या हातानं कोरा काढला आणि माझ्या हातात दिला. मग खिशातून सत्तेचाळीस काढून खिळ्याला अडकवला. नव्व्याण्णव काळ्या बिल्ल्यांत तो एकटा लखलखत होता, माझ्या पापासारखा. घड्याळानं पाचचे ठोके दिले.

"फळी भरली का?" गणवेशवाल्या काकांनी विचारलं. त्यांना हे कुणी शिकवलं होतं माहीत नाही, बहुतेक मावशीनंच.

मावशीनं फळीवरून नजर फिरवली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. शंभरच्या शंभर. "भरली," ती म्हणाली.

मी आधी बाहेर पडले. काकांच्या उजव्या हातात टिक. मग मावशी. टिक. ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि पाठीनं दार जरा जास्त वेळ उघडं धरून ठेवलं, मागून कुणी येत असलं की धरतो तसं. टिक.

काकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग दोन्ही यंत्रं जवळजवळ धरली.

"आत तीनशे बारा. बाहेर तीनशे तेरा." त्यांनी पुन्हा बघितलं. "असं कसं? मी कशाला दाबलं?"

"अंगठा घसरला असेल," मावशी म्हणाली. "या वयात होतं."

"तुमच्यापेक्षा लहान आहे मी, ताई," काका म्हणाले, पण नजर पायऱ्यांवर होती. मग त्यांनी दार ओढलं आणि कुलूप घातलं.

घरी जायचा रस्ता आईच्या जुन्या शाळेवरून जातो. मी मावशीच्या उजव्या बाजूला चालायला गेले आणि तिनं मानेनंच मला डावीकडे यायला सांगितलं. मी आले. उजवा हात अजून तसाच खाली होता. रविवार असल्यामुळे शाळेचं फाटक बंद, आत मैदानावर कुणी नाही. तिथं मावशी थांबली. बराच वेळ. मग तिची बोटं हळूच उघडली.

"इथून घरचा रस्ता ठाऊक असेल तिला," ती म्हणाली.

पुढचा सगळा रस्ता ती माझ्यावर रागावली. खोटं बोलल्याबद्दल, मग घासल्याबद्दल, मग त्याहून जास्त घासल्याबद्दल. मी ऐकून घेतलं. कोरा बिल्ला माझ्या खिशात होता आणि थंडगार होता. तो आता माझा पस्तिसावा आहे. त्याला मी लिंबाच्या आसपासही नेलेलं नाही.

आई दारातच उभी होती. "दोघी न सांगता कुठं गेलात? तासभर बघतेय मी वाट. आणि ताई, हाताला काय हे? कुठं शाई लावून आलीस? धू बघू आधी, पान वाढतेय."

मावशीनं उजवा तळहात उघडून बघितला. मीही बघितला. चार निळसर ठसे, एवढेसे, आणि अंगठ्याचा पाचवा.

ती न्हाणीघरात गेली आणि फक्त डावा हात धुऊन आली. मग दाराशी जाऊन चपला मोजल्या. एकदाच. आणि कडी लावली.